न दिलेली ओळ

चष्म्याच्या दुकानाच्या मागे एक चिंचोळी खोली होती, आणि त्या खोलीत बसून एक माणूस बावीस वर्षं लोकांच्या काचा घासत होता. समोर गरगर फिरणारं चाक, चाकावर पाण्याची बारीक धार, आणि दोन बोटांत धरलेली काच. काच फ्रेमच्या मापाला आली की तिची कड अंगठ्याने चाचपायची, फ्रेममध्ये बसवायची, केसाएवढे स्क्रू आवळायचे आणि चष्मा दोन्ही हातांनी टेबलावर पालथा ठेवून बघायचा, डुगडुगतो का. पुढे काउंटरवर मालक गिऱ्हाइकांशी गोडगोड बोलायचे. मागे ह्याच्याशी बोलायला चाकाशिवाय कोणी नव्हतं. म्हणून तो चाकाच्या घरघरीत नाटकं म्हणायचा. अख्खी नाटकं, सगळ्यांची कामं, राणीचं आणि दासीचंसुद्धा.

नाटकं पाठ असायचं कारण साधं होतं. गावातल्या हौशी नाट्यमंडळात तो सोळा वर्षं प्रॉम्प्टर होता. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर वही, वहीला चिमट्याने लावलेला छोटा दिवा, आणि कोणी अडखळलं की पुढचे शब्द हळूच त्याच्या कानात सोडायचे. त्याची कुजबुज इतकी नेमकी होती की ती नटाला ऐकू यायची आणि पहिल्या रांगेला यायची नाही. मंडळात त्याला सगळे 'कुजबुज'च म्हणत. नाटकं बसवायची ती त्याची सख्खी मोठी बहीण. ती वाचनालय सांभाळायची, आणि तालमी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये व्हायच्या. पहिल्या वर्षी ह्याचा घसा बसला होता म्हणून ताई म्हणाली होती, यंदा विंगेत बस. ते 'यंदा' सोळा वर्षं संपलं नाही. ह्याने कधी विषय काढला नाही आणि तिच्या कधी डोक्यात आलं नाही. घरचा माणूस काय, हाताशी आहेच.

मंडळाचे नायक म्हणजे दातांचे डॉक्टर. वय सत्तरीला टेकलेलं, आवाज मात्र असा की हॉलच्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. दवाखान्यात पेशंटचं तोंड उघडं असायचं, त्याला बोलता यायचं नाही, त्यामुळे डॉक्टर दाढ भरता भरता आपली कामं म्हणून घ्यायचे. अर्ध्या गावाने त्यांचे राजे आणि सेनापती असे आ वासून ऐकले होते. माणूस दिलदार, थोडा स्वतःच्या आवाजाच्या प्रेमात, पण कोणाचं वाईट चिंतणारा नव्हे. गेली चार-पाच वर्षं त्यांचं पाठांतर ढिलं झालं होतं. पण ते फक्त दोघांना ठाऊक होतं, त्यांना आणि कुजबुजला. दर पानाला तीन-चार ठिकाणी ते अडायचे, श्वास घेतल्यासारखं करायचे, आणि तेवढ्यात विंगेतून शब्द यायचे. लोक म्हणायचे, काय विराम घेतात डॉक्टर!

त्या वर्षी ताईने एक जुनी, पाच अंकी शोकांतिका काढली. तिच्यात एक प्रधान असतो. हुशार, कर्तबगार, आणि आपण राजापेक्षा सरस आहोत हे पक्कं माहीत असलेला. राजा स्वारीवर निघतो. नदीवरचा पूल आतून किडलाय, हे एकट्या प्रधानाला कळलेलं असतं. राजा त्याला विचारतो, पूल भक्कम आहे ना? प्रधान खोटं बोलत नाही. तो म्हणतो, "महाराज, हा पूल आपल्या वडिलांनी बांधला. त्याच्याबद्दल शंका घेणारा मी कोण?" राजा पुलासकट नदीत जातो, प्रधान गादीवर बसतो. पुढचे चार अंक त्याला गादी रुतत राहते, कारण त्याने काहीच केलेलं नसतं आणि तरी सगळं त्यानेच केलेलं असतं. शेवटी भर दरबारात मुकुट काढून ठेवून तो सगळं बोलून टाकतो.

प्रधानाचं काम अर्थातच डॉक्टरांकडे गेलं.

कुजबुजला ते नाटक डोक्यात भिनलं. दुकानातल्या खोलीत तो प्रधान व्हायचा, आणि चांगला व्हायचा. एकदा मालक चष्मा न्यायला मागे आले आणि दाराशीच थबकले. त्यांना वाटलं, आत कोणी गिऱ्हाईक भांडतंय. घरी बायकोच्या हे लक्षात आलं होतं. ती तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवायची, त्यामुळे तिचा आवाज पाण्यापलीकडे जायचा आणि मनात काही ठेवायची तिला सवय नव्हती. तिने सरळ सांगितलं की काम हवं असेल तर ताईंकडे मागा, मनातल्या मनात राज्य करून काय होणार. तो म्हणाला, मागून घ्यायचं असतं का हे, त्यांनीच ओळखायला हवं. बायकोने खांदे उडवले आणि ओले टॉवेल वाळत घालायला गेली.

आता ती गोष्ट घडली ती अशी. खेळाला सहा आठवडे होते. वाचनालयाचे तीन विश्वस्त त्या संध्याकाळी तालीम बघायला येऊन बसले होते, कारण हॉल द्यायचा की नाही हे त्यांच्या हातात होतं. पहिला अंक रंगात आला. राजा झालेला पोस्टमास्तर वळला आणि त्याने विचारलं, "प्रधानजी, पूल भक्कम आहे ना?"

डॉक्टर गप्प. त्यांनी श्वास घेतल्यासारखं केलं आणि मान किंचित विंगेकडे झुकवली.

कुजबुजच्या ओठांवर शब्द आले होते. त्यानेही श्वास घेतला होता. आणि त्याच क्षणी त्याच्या मनात आलं, नाही दिलं तर? ह्यापेक्षा जास्त काही त्याने ठरवलं नाही, हे त्याने पुढे सगळ्यांना शपथेवर सांगितलं. तो फक्त वहीकडे बघत बसला. पोस्टमास्तरने प्रश्न पुन्हा विचारला. डॉक्टरांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. एक विश्वस्त खाकरला. शेवटी ताईने टाळी वाजवून तालीम थांबवली.

इथवर कोणी त्याला दोष दिला नसता. प्रॉम्प्टरचीही नजर चुकते. पण ताई विंगेत आली आणि तिने हळू आवाजात विचारलं की ओळ दिली होतीस का. आणि तो म्हणाला, "दिली होती. दोनदा दिली. त्यांना ऐकू आली नसावी."

झालं. डॉक्टर विसरतात एवढंच नाही, तर डॉक्टरांना ऐकूही येत नाही, हे आठवड्याभरात सगळ्या मंडळाला कळलं. सगळ्यांना त्यांची मनापासून काळजी वाटली, आणि काळजी वाटली की लोक मोठ्याने बोलतात. पोस्टमास्तर त्यांच्याशी पलीकडच्या तीरावरून बोलल्यासारखा बोलायला लागला. परगावी राहणाऱ्या त्यांच्या लेकीला कोणीतरी फोन केला, ती धावत आली आणि त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तिथे निघालं ते वयाप्रमाणे असतं तेवढंच. पण लेक म्हणाली, बाबा, सावध राहिलेलं बरं, आणि एक यंत्र त्यांच्या कानात बसवून गेली. ते यंत्र लावलं की दातांचं मशीन विमानासारखं गर्जायचं आणि बाहेर बाकावर बसलेले पेशंट काय पुटपुटतात ते आत ऐकू यायचं. एक बाई दुसरीला सांगत होती की आता परगावी दुसरा डॉक्टर बघायला हवा, म्हाताऱ्याचं काही खरं नाही. तेही त्यांनी ऐकलं.

ताईने प्रधानाचं काम धाकट्या भावाला दिलं. दुसऱ्या कोणाला पाठच नव्हतं. डॉक्टरांनी स्वतः त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं की कुजबुजराव, तुम्ही कराल, मला खात्री आहे.

आणि त्याने केलंही. पहिल्या अंकात तो बेताचाच होता, पण दुसऱ्या अंकापासून, प्रधानाला गादी रुतायला लागली की, हॉलमध्ये सगळे हातातलं काम सोडून बघत राहायचे. त्याचा चेहरा पडायचा, हात कुठे ठेवावा ते कळेनासं व्हायचं. ताई थक्क झाली. हे सगळं इतकी वर्षं कुठे दडवून ठेवलं होतंस, असं तिने विचारलं, तेव्हा तो इतका दचकला की तिने तेही अभिनयातच धरलं. घरी त्याला जेवण जाईना. दुकानात त्याने एका मुख्याध्यापिकेची डावी काच उजवीकडे बसवून दिली आणि बाई पायरी चुकल्या. बायको सांगायची की झोपेत तुम्ही करकरा दात खाता, आपल्याकडे दळायचं जातं असल्यासारखं वाटतं. एक दिवस न्याहारी करताना त्याच्या मागच्या दाढेचा तुकडाच निघाला.

दातांचे डॉक्टर गावात एकच. टाळायचा त्याने दोन दिवस प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी दुपारी गाल धरून तो दवाखान्यात गेला.

दवाखाना ओळखीचाच होता. मागे झुकणारी खुर्ची, डोक्यावर गोल दिवा, थुंकायच्या भांड्यात झुळझुळणारं पाणी. बाहेरचा बाक रिकामा होता. डॉक्टरांनी कानातलं यंत्र काढून ट्रेमध्ये चिमट्यांशेजारी ठेवलं होतं. त्यांनी तोंडात आरसा घालून पाहिलं, हं हं केलं, सुई टोचली, गालात कापसाचे बोळे सरकवले आणि दाढ बधिर होईपर्यंत शेजारी स्टुलावर बसले.

"दात झिजलेत तुमचे," ते म्हणाले. "रात्रभर खाता वाटतं. कोणावर एवढा दात आहे, कुजबुजराव?"

 मग डॉक्टर सहज, दुसरंच काही बोलावं तसं सांगायला लागले. दवाखाना ह्या महिनाअखेर बंद करायचं त्यांनी ठरवलं होतं. लेक म्हणते, तिच्याकडे येऊन राहा. पेशंटही कमी झालेत. ज्याला ऐकू येत नाही आणि आठवत नाही त्याने लोकांच्या तोंडात मशीन घालू नये, हे बरोबरच आहे. कान तपासायला गेलो त्या दिवशी परत येताना बसमध्ये मला रडू आलं, असंही ते म्हणाले, आणि स्वतःच हसले.

बधिर जिभेने, दोन्ही गालांत बोळे असताना, ओठ एका बाजूला लोंबत असताना, त्याने सगळं सांगितलं. श्वास घेतला होता ते सांगितलं, ओळ गिळली ते सांगितलं, ताईला काय म्हणालो तेही सांगितलं. त्यातला एक शब्द धड उमटला नाही. त्याचं त्यालाच ते भांड्यातल्या पाण्याच्या आवाजासारखं ऐकू येत होतं. बोलून झाल्यावर त्याला एकाच वेळी बरं आणि भयंकर वाटलं, आणि क्षणभर अशीही आशा वाटली की डॉक्टरांना काही कळलं नसेल.

डॉक्टरांनी ट्रेमधलं यंत्र बोटाने बाजूला सरकवलं.

"चाळीस वर्षं मी तोंडात बोळे असलेल्या माणसांचंच ऐकत आलोय," ते म्हणाले. "तुमचं अक्षर न् अक्षर कळलं मला. यंत्र न लावता."

मग त्यांनी दिवा खाली ओढला आणि म्हणाले, तोंड उघडा.

पुढची पंचवीस मिनिटं त्या खुर्चीत कशी गेली हे तो नंतर बायकोला सांगायचा तेव्हा आधी पाणी पिऊन घ्यायचा. ज्या माणसाचा आपण घात केला तो आपल्या तोंडावर वाकलाय, त्याच्या हातात गुरगुरणारं मशीन आहे, आणि तो एक शब्द बोलत नाही. नेहमी काम करताना म्हणायचे तसं एखादं भाषणसुद्धा नाही. पण हात मात्र पिसासारखे हलके होते. दाढ इतकी सुबक भरली गेली की जिभेला शोधून सापडेना.

हात धुऊन झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, संध्याकाळी तालीम आहे ना? त्याने मान हलवली. "मग हे तिथे सांगायचं. सगळ्यांसमोर. मी येतो," ते म्हणाले, आणि कानातलं यंत्र डबीत घालून टेबलाच्या खणात टाकलं.

संध्याकाळी सहाला हॉलमध्ये सगळी मंडळी जमली होती. त्याचा गाल अजून पुरता जागा झाला नव्हता. तो रंगमंचाच्या मधोमध उभा राहिला आणि बोलायला लागला. लोकांना वाटलं, शेवटच्या अंकातला प्रवेश आहे. पोस्टमास्तरने तर वाक्य चुकलं म्हणून वही उघडली. 'ओळ दिली नाही' हे शब्द त्याला काही केल्या नीट म्हणता येईनात. तीनदा म्हणून झालं, ताई कान देऊन ऐकतेय आणि तिला कळत नाही. तेव्हा मागच्या खुर्चीवरून डॉक्टरांनी ते शब्द खणखणीत आवाजात म्हणून दिले, आणि पुढचं त्याचं त्यालाच सांगायला लावलं.

 पोस्टमास्तरने वही मिटली. एकदोघं त्याच्याकडे पाठ करून खिडकीशी गेले. ताईचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. ती बराच वेळ बोलली. विश्वस्तांसमोर झालेली शोभा, डॉक्टरांचे हाल, आणि बहिणीच्या तोंडावर बोललेलं खोटं, ह्यातलं काही तिने सोडलं नाही, आणि त्यानेही मान वर केली नाही. शेवटी तिचा आवाज खाली आला.

"काम हवंय असं सोळा वर्षांत एकदा तरी म्हणालास का रे, धाकट्या?"

"नाही, ताई."

"मी तुझी बहीण आहे. ज्योतिषी नाही."

ती मटकन खुर्चीवर बसली आणि मग, स्वतःशीच बोलल्यासारखी, म्हणाली की मीही कधी विचारलं नाही.

काम डॉक्टरांकडे परत गेलं हे सांगायला नकोच. पण डॉक्टरांनी एक अट घातली, आणि ती ऐकून सगळे चकित झाले. विंगेत मला हाच माणूस हवा, ते म्हणाले. ओळ विसरलो ती मीच विसरलो होतो, ती काही ह्याने माझ्या डोक्यातून काढून घेतली नव्हती. पाच वर्षं मी ह्याच्या जिवावर टाळ्या घेतल्या आणि तुम्हाला कोणाला सांगितलं नाही. हे बोलताना त्यांचे कान लाल झाले होते. ते ऐकल्यावर खिडकीशी गेलेले दोघं परत येऊन बसले. माफी वगैरे शब्द डॉक्टरांनी उच्चारला नाही. पुढचे दहा-बारा दिवस ते त्याच्याशी कामापुरतंच बोलायचे. मग एकदा तालमीत पोस्टमास्तरचा मुकुट घसरून नाकावर आला, दोघंही विंगेत हसायला लागले, हसू थांबेना, ताईने दोघांनाही बाहेर काढलं, आणि जिन्यात बसून दोघांनी एका कपातला चहा अर्धा अर्धा प्यायला. त्यानंतर सगळं सुरळीत झालं.

दवाखाना बंद झाला नाही. डॉक्टरांनी लेकीला कळवलं की कान ठणठणीत आहेत, आणि यंत्र परत पाठवून दिलं. गावात बातमी पसरायला मंडळातले पंधरा लोक पुरेसे होते. कुजबुज दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतः सांगायचा, अगदी न विचारता सांगायचा, शेवटी मालकांनी त्याला मागच्या खोलीत जायला सांगितलं. दुसरा डॉक्टर बघायला निघालेली बाई मुकाट्याने येऊन बाकावर बसली.

चार खेळ झाले. पहिले तीन डॉक्टरांनी केले आणि विंगेतून एकही ओळ उशिरा आली नाही. चौथ्याच्या आदल्या दिवशी पोस्टमास्तरला ताप भरला. राजाचं काम कोण करणार, म्हणून ताई डोक्याला हात लावून बसली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, मी राजा होतो. पहिल्या अंकात बुडायचंच तर आहे. प्रधान ह्याला करू दे. बुडाल्यावर मी विंगेत जाऊन बसतो आणि ह्याला प्रॉम्प्ट करतो.

ताईने भावाकडे पाहिलं. आता मात्र त्याने तोंड उघडलं. "मला करायचंय, ताई," तो म्हणाला.

तो खेळ गावात अजून आठवणीत आहे. राजा झालेल्या डॉक्टरांनी पूल भक्कम आहे का हे इतक्या विश्वासाने विचारलं की पहिल्या रांगेतली एक आजी मोठ्याने 'नाही' म्हणाली. राजा बुडाला, ओल्या वेषातच विंगेत आला, स्टुलावर बसला, आणि तिथून पुढे खरी गंमत झाली. डॉक्टरांना कुजबुजता येत नव्हतं. उभ्या आयुष्यात त्यांनी ते कधी केलंच नव्हतं. प्रधान जरा थांबला की विंगेतून पुढचं वाक्य अख्ख्या हॉलला ऐकू येईल अशा धीरगंभीर आवाजात यायचं. प्रधानाला प्रॉम्प्टची गरजही नव्हती, त्याला नाटक पाणी झालं होतं. पण डॉक्टरांना राहवत नव्हतं. मेलेला राजा प्रधानाच्या मनातलं आधी बोलतोय आणि मग प्रधान तेच बोलतोय, असं लोकांना ऐकू आलं. लोकांना वाटलं, ही दिग्दर्शिकेचीच कल्पना. दुसऱ्या दिवशी वाचनालयात ताईला तिघांनी येऊन शाबासकी दिली आणि तिने ती निमूटपणे घेतली, नंतर मात्र तिला झोप लागेना आणि तिने तिघांनाही खरं काय ते सांगून टाकलं.

आता त्याने काम कसं केलं? खरं सांगायचं तर ठीक. आवाज चांगला लागला, शब्द स्वच्छ होते, शेवटी टाळ्याही झाल्या. पण तालमीत ज्याने लोकांचा श्वास रोखून धरला होता तो प्रधान त्या दिवशी आलाच नाही. मन हलकं झालेल्या माणसाला दुसऱ्या अंकात गादी रुतेना. तो मुकुट घालून दिसतही होता जरा जास्तच खूष. घरी परतताना त्याने बायकोला विचारलं की कसं झालं, आणि तिने सांगितलं की पापी माणूस म्हणून तुम्ही अगदीच खोटे वाटत होता, पण चेहऱ्यावर तेज होतं. ह्यावर तो चार दिवस खूष होता.

पुढच्या वर्षी ताईने हलकंफुलकं नाटक घेतलं आणि वाचनाच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांना विचारलं, कोणाला काय करायचंय ते आत्ता बोला.  एकच हात वर गेला. त्याने नायक मागितला नाही. पहारेकऱ्याचं काम मागितलं, नऊ वाक्यांचं, जो दारावर उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला चुकीचा रस्ता सांगतो. ते काम त्याने असं केलं की हसून हसून हॉलमधल्या खुर्च्या कुरकुरल्या, आणि डॉक्टरांना पुढचं वाक्य बोलायला मिनिटभर थांबावं लागलं. विंगेत त्या वर्षी त्याची बायको बसली होती. आवाज खाली ठेवायला ती हळूहळू शिकतेय.